चौथी मीटिंग

माझ्या थोरल्या बंधूंनी दारू सोडली त्याला या कार्तिक महिन्यात सहा वर्षे पूर्ण झाली. हे वाक्य या मासिकात छापावे की नाही, यावर आमच्या घरात दोन महिने खल चालला होता. अखेर दादाच म्हणाले, "लिही. फक्त गावाचे आणि आपले नाव घालू नकोस. माझी मला लाज उरलेली नाही. पण मीटिंगला येणाऱ्या बाकीच्यांचा विचार केला पाहिजे." म्हणून हा लेख निनावी आहे. संपादकांना लेखक ठाऊक आहे. काही व्यक्तींचे व्यवसायही मी मुद्दाम बदलून लिहिले आहेत.

लेखाला निमित्त झाले ते एका दूरध्वनीचे. आमच्या आत्याबाईंच्या सासरच्या नात्यातील एका गृहस्थांनी गेल्या आषाढात रात्री साडेदहाला फोन केला. पावसापाण्याचे बोलणे झाले, कापडाच्या मंदीचे झाले, आणि मग आवाज खाली आणून त्यांनी विचारले, "तुमच्या दादांना कुठे नेले होते? आमच्या धाकट्याला न्यायचे आहे. पत्ता द्या." मी पत्ता दिला. मुलगा एकदा गेला आणि परत गेला नाही. "तेथे आपल्यासारखी माणसे नाहीत," असे त्याने घरी सांगितले आणि घरच्यांनी ते प्रमाण मानले. हेच वाक्य, जवळजवळ याच शब्दांत, सात वर्षांपूर्वी दादांनी आमच्या ओसरीवर उच्चारले होते. ते मला ठाऊक असूनही मी नुसता पत्ता देऊन मोकळा झालो, ही माझी चूक. ती भरून काढण्यासाठी हे लिहीत आहे.

आमचे घर भुसार मालाच्या अडतीचे. तीन पिढ्यांची पेढी, बाजारात पत चांगली. दादा सकाळी साडेनवाला गादीवर बसत. नोंदी चोख, आणि तोंडी दिलेला भाव त्यांनी कधी मागे घेतला नाही. सप्त व्यसनांची नावे आम्ही दोघांनी पाठशाळेत एकाच सतरंजीवर बसून पाठ केली होती. कदाचित त्यामुळेच त्यांचे पिणे इतकी वर्षे कोणाच्या नजरेस आले नाही. ज्या घरात दारू असूच शकत नाही असे सगळे धरून चालतात, त्या घरात ती लपवणे फार सोपे असते. सूर्यास्तापूर्वी जेवून, चौविहार केला म्हणून पानावरून उठलेला माणूस रात्री नऊला गोदामाच्या माडीवर काय करतो, हे पाहायला कोण जाणार?

आम्हाला कळले तेव्हा आम्ही व्यापारी घरे जे करतात तेच केले. पत सांभाळली. सकाळी दलाल आला की वहिनी "आंघोळीला गेलेत" म्हणून सांगत. दादांची बाहेरची उधारी मी किरकोळ खर्चात टाकून फेडत असे. पुतणीच्या सोयरिकीची बोलणी चालू होती, त्यामुळे तर कोणाच्याही तोंडून अक्षर फुटत नव्हते. एका पाडव्याला मी ती सगळी रक्कम वेगळी काढून बेरीज केली आणि वही मिटून ठेवली. ज्या खात्यातून पैचीही वसुली होणार नाही हे दिसत होते, त्याच खात्याला मी वर्षानुवर्षे माल देत आलो होतो. पर्युषणात महाराजांसमोर दादांनी तीन वेळा आजन्म त्यागाचे पच्चक्खाण घेतले. पहिले पाच महिने टिकले, दुसरे सोळा दिवस. तिसरे संवत्सरीनंतर चार दिवसांत मोडले, आणि त्यानंतर त्यांनी स्थानकात येणेच बंद केले.

मीटिंगकडे वळण्याआधी एक गोष्ट सांगणे अगत्याचे वाटते, कारण ती ठाऊक नसल्याने जीव जातात. रोज आणि भरपूर पिणाऱ्या माणसाने एखाद्या दिवशी एकदम दारू बंद केली, तर पहिल्या दोन दिवसांत त्याला फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या सुमारास तीव्र थरथर, ताप, भास आणि भ्रम सुरू होऊ शकतात; डॉक्टर याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, आणि उपचार न मिळाल्यास त्यात माणूस दगावतो. आमच्या मोठ्या काकांनी तर 'शरीर शुद्ध होईल' म्हणून दादांनी त्याच आठवड्यात अट्ठाई करावी असा आग्रह धरला होता. डॉक्टरांनी हात जोडून तो मोडून काढला. वर्षानुवर्षे पिणाऱ्याच्या शरीरात बी-१ जीवनसत्त्वाची मोठी तूट असते आणि तशात उपवास घडला तर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो. तेव्हा तप पुढे कधीही करता येईल, आधी डॉक्टर.

त्याच डॉक्टरांकडून दुसरी एक गोष्ट कळली. दारू सोडवण्याची पूड किंवा गोळी न सांगता आमटीत कालवून द्यावी, असा सल्ला बायकांना सर्रास दिला जातो. अशा गोळ्यांत बहुधा डायसल्फिराम असते. ते पोटात असताना माणूस प्याला तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. हृदयविकार असलेल्या माणसाच्या ते जिवावर बेतू शकते. हे औषध वाईट नाही, पण ते घेणाऱ्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते. वहिनींच्या डब्यात अशी एक पुडी निघाली. सुदैवाने ती उघडलेली नव्हती.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत असे आढळले की दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कोणता तरी उपचार मिळतो. उरलेल्या ३७ जणांच्या घरी काय चालते, ते मी वर सांगितलेच आहे.

आता मीटिंगविषयी. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे ए.ए., ही मद्यपींनीच मद्यपींसाठी चालवलेली संघटना. तिचा जन्म एका फसलेल्या व्यवहारातून झाला, हे आपल्या वाचकांना मौजेचे वाटेल. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात वावरलेला बिल विल्सन हा गृहस्थ १९३५ च्या मे महिन्यात एका यंत्रनिर्मिती कंपनीचा ताबा मिळवण्याच्या खटपटीसाठी ओहायोतील अ‍ॅक्रन या गावी गेला होता. काही महिन्यांपूर्वीच त्याने दारू सोडली होती. व्यवहार हातचा गेला. हॉटेलच्या दिवाणखान्यात तो एकटा उभा, एका अंगाला मद्यालयातून हसण्याचे आवाज येत होते आणि दुसऱ्या अंगाला दूरध्वनी. आज आपण पिणार हे त्याला दिसू लागले, तेव्हा त्याने फोन करून गावात कोणी दुसरा दारुडा भेटेल का, याची चौकशी सुरू केली. त्याची गाठ पडली डॉ. बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकाशी. डॉक्टरांनी १५ मिनिटे देण्याचे कबूल केले होते. बोलणे काही तास चालले. डॉ. बॉब यांनी १० जून १९३५ रोजी शेवटचा प्याला घेतला आणि तोच दिवस ए.ए.चा स्थापनादिन मानला जातो. उपदेश करणारे डॉ. बॉब यांना आधी भरपूर भेटले होते. आपल्यासारखाच बुडालेला माणूस मात्र पहिल्यांदा भेटला. भारतात हे काम १९५७ पासून चालू आहे.

दादांना पहिल्यांदा मी नेले ते आमच्याच गावातल्या नगरपालिकेच्या शाळेत. चौथीचा वर्ग, लहान बाके, फळ्यावर पाढे. आत गेलो तर अध्यक्षाच्या खुर्चीवर मार्केट यार्डातले एक हमाल. आमच्या गोदामात त्यांनी पोती उतरवली होती. त्यांनी दादांकडे पाहून फक्त मान हलवली आणि नवीन आलेल्याला बसायला जागा करून द्या, असे सांगितले. दादा दहा मिनिटे बसले आणि उठून बाहेर आले. ओसरीवर त्यांनी उच्चारलेले वाक्य मी वर लिहिले आहे.

दुसरी मीटिंग मोठ्या शहरात, एका चर्चच्या आवारातील सभागृहात. सगळे बोलणे इंग्रजीत, माणसे सुशिक्षित, आदबशीर. दादा इंग्रजी वाचतात, पण मनातले इंग्रजीत बोलणे त्यांना जमत नाही. भिंतीवर क्रूस होता आणि शेवटी सर्वांनी उभे राहून प्रार्थना म्हटली. परतीच्या वाटेवर दादा म्हणाले, "हे आपले नव्हे. बाईंना कळले तर त्या म्हणतील, दारू सोडायला गेला आणि धर्म सोडून आला." मलाही तेव्हा तसेच वाटले. ए.ए. कोणत्याही धर्माशी वा पंथाशी संलग्न नाही आणि स्वस्त भाड्यात जी जागा मिळेल तेथे ती मंडळी बसतात, एवढे साधे कारण आम्हाला नंतर कळले.

तिसऱ्या ठिकाणी भाषा मराठी होती, जागा सोयीची होती, पण तासातला अर्धा वेळ दोन जुन्या सभासदांचा खोलीची किल्ली कोणाकडे राहावी यावर वाद चालला. (आपल्या संघाच्या वार्षिक सभेची आठवण झाली.) शिवाय ती 'बंद' मीटिंग असल्याने मला नम्रपणे बाहेर बसायला सांगण्यात आले, आणि दादांनी ते निघून जाण्याचे निमित्त केले.

चौथी मीटिंग तालुक्याच्या गावी, घरापासून ४० किलोमीटरवर, दर गुरुवारी. साधारण पंधरा माणसे. त्यांत एक शिक्षक, दोन ड्रायव्हर, एक सोनार, एक निवृत्त फौजदार आणि किराणा दुकानदार एक. हा दुकानदार बोलताना म्हणाला की तो गल्ल्यातून पैसे काढून त्याच्या नावावर 'धर्मादाय' असे लिहीत असे. दादा हसले. कित्येक महिन्यांत मी त्यांना हसताना पाहिले नव्हते. ते तास संपेपर्यंत बसले आणि पुढच्या गुरुवारी मला न विचारता गाडी काढून निघाले. त्यानंतरही एकदा पाय घसरला, ते लपवण्यात अर्थ नाही; पण त्याच आठवड्यात ते परत त्या खोलीत जाऊन बसले. पुढे जो दिवस धरला तो आजतागायत चालू आहे.

या शोधातून जे शिकलो त्यातले व्यवहाराचे तेवढे सांगतो. मीटिंग 'खुली' की 'बंद' हे आधी विचारावे. खुल्या मीटिंगला घरचा माणूस सोबत बसू शकतो. बंद मीटिंग ज्याला स्वतःला दारू सोडायची आहे त्याच्यासाठीच असते. भाषा विचारावी, वेळही विचारावी. बऱ्याच मीटिंगा संध्याकाळी असतात आणि रात्रिभोजन टाळणाऱ्याची त्यात अडचण होते. दादा गुरुवारी डबा घेऊन साडेपाचला गाडीतच जेवत. सभासदत्वाची एकच अट असते, ती म्हणजे दारू सोडण्याची इच्छा. फी नाही, नोंदवही नाही, कोणी आडनाव विचारीत नाही. शेवटी पिशवी फिरते, सभासदांनी हवे तर पाच-दहा रुपये टाकावेत. बाहेरच्यांच्या देणग्या ए.ए. तत्त्व म्हणून घेतच नाही. आमच्या एका दानशूर मामांनी सभागृहासाठी मोठी रक्कम देऊ केली होती, ती साभार परत आली, आणि पाटीवर नाव लागणार नाही हे कळून मामा जरा नाराजही झाले. तेव्हा ए.ए.च्या नावाने कोणी प्रवेश शुल्क मागत असेल तर तेथून उठावे.

पहिल्या दिवशी बोलावेच लागते असे नाही. नुसते ऐकून आले तरी चालते. एका मीटिंगवरून मत बनवू नये, चार-सहा तरी वेगवेगळ्या पाहाव्यात, असे जुने सभासदच सांगतात. ज्या खोलीत आपल्याला खोटे बोलावेसे वाटत नाही, ती आपली, अशी दादांची खूण आहे. तेथे रुळल्यावर अडीनडीला फोन करता येईल असा एक जुना सभासद निवडायचा, त्याला स्पॉन्सर म्हणतात. स्पॉन्सर या शब्दावरून आपल्याकडे भलताच अर्थ होतो. येथे पैशाचा संबंध नाही. उलट मीटिंगमध्ये भेटलेल्या कोणाशीही उधार-उसनवार आणि सौदा करायचा नाही, असा दादांनी स्वतःपुरता नियमच केला आहे.

आता तो धर्माचा प्रश्न. ए.ए.च्या बारा पायऱ्यांत ईश्वराचा आणि आपल्याहून मोठ्या शक्तीचा उल्लेख येतो, आणि कर्ता-हर्ता ईश्वर न मानणाऱ्या आपल्या मनाला तो खटकणे स्वाभाविक आहे. परंतु ती शक्ती ज्याला जशी उमगेल तशी त्याने मानावी, अशी मुभा त्या पायऱ्यांतच दिलेली आहे. कित्येक नास्तिक त्या समूहालाच ती शक्ती मानतात. दादा तसेच करतात. मात्र चौथ्या-पाचव्या पायरीत आपल्या चुकांचा निर्भय आढावा घेऊन तो दुसऱ्या माणसासमोर उघड करायचा असतो, आणि दहाव्या पायरीत हा हिशेब पुढे चालू ठेवायचा असतो, हे वाचल्यावर त्यांना आलोचना आणि प्रतिक्रमण आठवले. "लहानपणापासून म्हणत आलो, पण कोणासमोर नाव घेऊन सांगितले कधीच नव्हते," असे ते म्हणाले. आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. आपण नवकारशी करतो ती सूर्योदयानंतर ४८ मिनिटांपुरती. आजन्म त्यागाच्या ओझ्याखाली तीन वेळा मोडलेले दादा मीटिंगमध्ये शिकले ते फक्त आजच्या दिवसाचे न पिणे. आता ते रोज सकाळी तेवढ्याच दिवसाचे पच्चक्खाण घेतात. दोन वर्षांनी ते स्थानकात परत आले तेव्हा महाराजांनी काही विचारले नाही, आणि दादांना त्याचे फार बरे वाटले.

ज्यांना या पायऱ्या मुळीच मानवत नाहीत त्यांच्यासाठी १९९४ पासून चालत आलेला स्मार्ट रिकव्हरी हा निराळा मार्ग आहे. त्यात मानसशास्त्रीय तंत्रांवर भर असतो आणि त्याच्या मीटिंगा इंटरनेटवरही भरतात. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र, जे १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने सुरू केले, तेथे उपचारानंतरच्या पाठपुराव्याला फार महत्त्व देतात. ए.ए.विषयी कोणी 'नुसत्या गप्पांनी काय होते' असे विचारले, तर २०२० च्या कॉक्रेन आढाव्याकडे बोट दाखवता येते. त्यात २७ अभ्यास तपासून असे दिसले की दारूपासून सलग दूर राहण्याच्या बाबतीत ए.ए. आणि तिच्याकडे नेणारे उपचार इतर मान्य उपचारांच्या तोडीचे, आणि बरेचदा सरस ठरतात. जवळ काय उपलब्ध आहे हे कळत नसेल तर १४४४६ ही शासनाची नि:शुल्क राष्ट्रीय मदतवाहिनी आहे.

वहिनींचे मात्र राहूनच गेले होते. दादा मीटिंगला जाऊ लागले तरी त्या रोज त्यांचा शर्ट हुंगत. कुटुंबीयांसाठी अल-अनॉन नावाच्या वेगळ्या मीटिंगा असतात. बिल विल्सनच्या पत्नी लोइस यांनी एका सहकारी स्त्रीसमवेत १९५१ मध्ये त्या संघटनेचा पाया घातला. वहिनी तेथे जायला सात-आठ महिने तयार नव्हत्या. "पितात ते, आणि सभेला मी जाऊ?" हा त्यांचा सवाल रास्तच होता. गेल्या तेव्हा पहिल्या दिवशी त्या तासभर रडल्या आणि घरी येऊन त्यांनी मला सांगितले, "भाऊजी, यापुढे त्यांची उधारी तुम्ही फेडायची नाही, आणि आंघोळीचे मी सांगणार नाही." इतक्या वर्षांत त्यांनी मला प्रथमच आज्ञा केली. पुतणीच्या सासरीही आम्ही लग्नापूर्वी सगळे सांगितले. व्याही क्षणभर गप्प बसले आणि मग त्यांनी विचारले की मीटिंगचा वार कोणता. त्यांच्या घरातही कोणी होते.

आपल्या समाजात स्त्रिया पीत नाहीत असे अजून मानले जाते. मोठ्या शहरांतल्या लग्नांत मागच्या लॉनवर जे वेगळे टेबल मांडलेले असते, तेथे उभे राहिल्यास हा समज टिकत नाही. ज्या भगिनींना हा त्रास आहे त्यांची कोंडी पुरुषांहून मोठी. काही ठिकाणी केवळ स्त्रियांच्या मीटिंगा भरतात, आणि इंटरनेटवरच्या मीटिंगांमुळे गाव, शेजार, ओळखीची गाडी यांपैकी कशाचीच भीती राहत नाही. दादांना त्या तितक्या आवडत नाहीत. पडद्यापलीकडे कोणाच्या हाताशी काय ठेवले आहे ते दिसत नाही, असे ते म्हणतात.

पण २०२० च्या टाळेबंदीत त्यांनाही फोनचाच आधार होता. गुरुवारची मीटिंग बंद, यार्ड बंद, दिवसभर घरात. त्या दिवसांत रोज संध्याकाळी सात वाजता एक फोन येई. पाच मिनिटांचे बोलणे, कधी तेवढेही नाही. कोणाचा ते मी विचारले नव्हते. पुढे कळले की नगरपालिकेच्या शाळेत अध्यक्षाच्या खुर्चीवर बसलेल्या त्या गृहस्थांचा. तालुक्याच्या मीटिंगमधून त्यांनी दादांचा नंबर मिळवला होता. शाळा उघडल्यावर दादा गावातल्या त्या चौथीच्या वर्गातही जाऊ लागले, आणि आता दर सोमवारी ते आणि तो हमाल एकाच लहान बाकावर बसतात. दादांच्या सहाव्या वर्षाला गटाने केक आणला, बिनअंड्याचा. तो खास सांगून करवून घेणारा कोण, हे सांगायला नको.

आत्याबाईंच्या नात्यातल्या त्या मुलाला मी हा सगळा इतिहास सांगणार होतो. दादांनी मला थांबवले आणि स्वतः फोन केला. "एक तागा पाहून गिऱ्हाईक तुमच्या दुकानातून उठले तर तुम्ही त्याला जाऊ देता का?" एवढेच मला ऐकू आले. दिवाळीनंतर दोघे मिळून दोन मीटिंगा पाहून आले. मुलाला एकही पटली नाही. गेल्या गुरुवारी दादा त्याला तालुक्याच्या गावी घेऊन गेले. तो तासभर शेवटच्या खुर्चीवर बसला आणि परतीच्या ४० किलोमीटरांत काही बोलला नाही. गाडीतून उतरताना त्याने विचारले, पुढच्या गुरुवारी पण हीच वेळ असते ना?